गार असताना गुणी, तापली की वेडी: एका नायट्रो बग्गीचं प्रकरण

गाडी माझीच. १/८ स्केलची नायट्रो बग्गी, म्हणजे खऱ्या इंजिनावर पळणारी रिमोटची मॉडेल गाडी, पॉइंट २१ चं इंजिन म्हणजे साधारण ३.५ सीसी, १२५ सीसीची टाकी, तीन शूचा क्लच, तिन्ही डिफ (पुढचा, मधला, मागचा डिफरन्शियल) ऑइल भरलेले. दोन सीझन व्यवस्थित पळालेली. आणि मग एका दिवसात मी तिला "अपग्रेड" केलं आणि पुढचे तीन आठवडे ती एकही रन धड पूर्ण करेना. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यातली प्रत्येक चूक मला त्या वेळी शंभर टक्के बरोबर वाटत होती, आणि नायट्रोमध्ये नवीन आलेली बरीच मंडळी नेमकी याच खड्ड्यात पडून मग गाडी विकून टाकतात, जे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी काय काय बदललं ते सांगतो. फ्युएल (मेथेनॉल, ऑइल आणि नायट्रोमिथेन यांचं मिश्रण) १६ टक्के नायट्रोवरून २५ टक्क्यांवर नेलं. एक्झॉस्टचा पाइप नवीन लावला. क्लचच्या स्प्रिंगा १.० एमएमच्या काढून १.१ च्या घातल्या म्हणजे क्लच जरा वरच्या आरपीएमला धरेल आणि पिकअप जोरात मिळेल. हेडखाली ०.१ एमएमचा एक जादा शिम (पातळ चकती) घातला, कारण नायट्रो वाढवलं की कॉम्प्रेशन थोडं उतरवावं लागतं. ग्लो इंजिनला, म्हणजे प्लगच्या तापलेल्या तारेने पेट घेणाऱ्या इंजिनाला, वेगळं इग्निशन टायमिंग नसतंच, प्लगची तार, कॉम्प्रेशन, नायट्रो आणि मिक्श्चर हे सगळं मिळून ठिणगीशिवाय केव्हा पेट घ्यायचा ते ठरवतात, त्यामुळे एक हलवलं की दुसरं हलतंच. हे चारही बदल विचार करून केलेले होते आणि एकेकटा घेतला तर प्रत्येक बदल योग्यच होता. पाचवी गोष्ट मी वहीत लिहिलीच नाही कारण ती मला बदल वाटलीच नाही: गाडी उघडलीच आहे तर म्हणून कार्ब (कार्ब्युरेटर) काढला, आतून धुतला, परत बसवला.

लक्षणं अशी होती. गार इंजिन पहिल्या झटक्यात स्टार्ट व्हायचं. पहिली दोन-तीन मिनिटं गाडी छान, धूर छान, आवाज छान. मग स्ट्रेटच्या शेवटी थ्रॉटल सोडला की इंजिन खाली यायचंच नाही, वरच्या वर घूंऽऽ करत राहायचं, तीन-चार सेकंदांनी हळूहळू उतरायचं, आणि पुढच्या स्लो कॉर्नरला ब्रेक मारला की फट्‌ करून बंद. गरम असताना परत स्टार्ट करायला गेलं की नखरे, दहा मिनिटं गार होऊ दिलं की पुन्हा पहिल्या झटक्यात चालू, जणू काही झालंच नाही.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वर अडकून राहणं म्हणजे खालच्या आरपीएमला मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने फ्युएल कमी; जास्त झालं की रिच), हे पुस्तकी उत्तर मलाही पाठ होतं. आणि नेमकं फ्युएल बदललेलं असल्यामुळे ते उत्तर इतकं चपखल बसलं की पुढे बघायची गरजच वाटली नाही. हिशोब बघा ना. पेट्रोल जाळायला एक भाग इंधनाला साधारण १४.७ भाग हवा लागते, मेथेनॉलला साडेसहाच्या आसपास, आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे नायट्रो वाढवलं की तेवढ्याच हवेत जास्त फ्युएल जायला पाहिजे, म्हणजे नीडल (फ्युएल किती जाणार ते ठरवणारा कार्बचा स्क्रू) उघडायला पाहिजे. मी १६ वरून २५ वर गेलो, नीडल पुरेशी उघडली नाही, म्हणून लीन. झालं निदान. जोडीदार पण म्हणाला, "अरे उघड ना अजून, घाबरतोस कशाला."

उघडली. आम्ही नीडल घड्याळाच्या भाषेत मोजतो, एक तास म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. हाय स्पीड नीडल (फुल थ्रॉटलची) दोन तास उघडली. स्ट्रेटवर गाडी जरा जड झाली पण अडकणं तसंच. अजून दोन तास. आता स्ट्रेटवर धुराचा लोट, इंजिन गुरगुरतंय, टॉप स्पीड गेलेला, आणि तापल्यावर थ्रॉटल सोडला की अडकणं तरीही तसंच. मग लो स्पीड नीडल (कमी थ्रॉटलची) उघडली. तर काय, तापल्यावर अडकणं थोडं कमी झालं पण आता गार असताना थ्रॉटल दिला की इंजिन घशात पाणी अडकल्यासारखं गुळगुळ करायचं आणि बुडायचं. लो स्पीड परत आवळली की गार मस्त आणि तापली की पिसाळली. दोन पूर्ण दिवस आणि तीन ग्लो प्लग यातच गेले.

इथे एक गोष्ट कळायला पाहिजे होती जी मला कळली नाही. नीडल कुठेही ठेवली तरी गार आणि गरम दोन्हीला एकाच वेळी बरी चालत नाही, असं जेव्हा होतं तेव्हा दोष नीडलचा नसतोच. नीडल फक्त फ्युएल किती जाणार ते ठरवते. हवा किती जाणार ते कार्बच्या तोंडाने ठरायला पाहिजे, आणि दुसरीकडून कुठून तरी हवा आत येत असेल आणि ती तापमानाप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर तुम्ही पळत्या निशाण्यावर नेम धरताय.

टेम्परेचर गनने तर मला जास्तच फसवलं. हेडवर वरून, प्लगच्या जवळ धरून बघायचो तर ११० ते ११५ सेल्सिअस. सगळे सांगतात की १०० ते १२५-१३० मध्ये असेल तर ठीक आहे, त्यामुळे मी निवांत. पण हेडचं तापमान म्हणजे मिक्श्चरचा मीटर नाही हो. माझी हाय स्पीड इतकी रिच झाली होती की स्ट्रेटवरचं कच्चं फ्युएल हेडला गार करत होतं आणि आयडलला (थ्रॉटल सोडून नुसतं चालू असताना) इंजिन लीन होऊन तापत होतं, दोन्हीची सरासरी मला एक सुंदर आकडा दाखवत होती. आणि हे फक्त पॉवरचं प्रकरण नाही, या इंजिनात ऑइल फ्युएलमधूनच येतं, वेगळं काही नाही. फ्युएल कमी म्हणजे ऑइल पण कमी. लीन पळवलेलं इंजिन एकाच वेळी तापतं आणि कोरडं पडतं.

तिसऱ्या आठवड्यात मी नीडलला हात लावायचा नाही असं ठरवलं. दोन्ही नीडल मॅन्युअलमध्ये दिलेल्या फॅक्टरी सेटिंगला आणल्या, आयडल गॅप (थ्रॉटल सोडल्यावर कार्बच्या तोंडाला उरणारी फट) साधारण ०.७ एमएम, आणि बाकी एकेक गोष्ट दोषी नाही हे सिद्ध करत सुटलो.

पहिलं लिंकेज (सर्वो मोटरपासून कार्बपर्यंतची जोडणी), कारण सर्वो किंवा ब्रेकची सळई कार्बला पूर्ण बंद होऊ देत नसेल तर पण असंच वाटतं. इंजिन तापवून, आरपीएम अडकलेले असताना कार्बचा बॉल कप (लिंकेजचं टोक) काढला आणि बोटाने स्लाइड (कार्बचं तोंड उघडबंद करणारा भाग) बंद करून धरली. तरी अडकलेलंच. लिंकेज निर्दोष सुटलं. हा तपास अर्ध्या मिनिटाचा आहे आणि पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होता.

मग क्लच. घट्ट स्प्रिंगांमुळे इंजिन जास्त मोकळं फिरतंय का अशी शंका होती म्हणून जुन्या १.० च्या घातल्या, फरक शून्य. पण स्प्रिंग बदलण्याने एक लक्षात आलं. जुन्या स्प्रिंगांवर आरपीएम अडकले की गाडी पुढे सरकायची, त्यामुळे ताबडतोब कळायचं. नव्या घट्ट स्प्रिंगांनी ते झाकून टाकलं होतं, त्यामुळे अडकणं नक्की कधी सुरू झालं ते मला उशिरा कळलं. फ्युएल लाइन नवीन टाकली, कारण इंजिन माउंटजवळ घासून टाचणीएवढं भोक पडलं तरी बुडबुडे जातात. फरक शून्य.

मग पिंच टेस्ट, दहादहा वेळा, लिहून. आयडलला कार्बजवळ फ्युएल लाइन बोटांनी दाबून धरायची आणि सेकंद मोजायचे. चांगल्या सेटिंगला आरपीएम किंचित वर जातात आणि दोन ते चार सेकंदांत इंजिन बंद पडतं. लगेच मेलं तर लीन, फारच वेळ चाललं तर रिच. माझे आकडे असे आले: गार असताना सहा सेकंद, मध्यम तापल्यावर तीन, पूर्ण तापल्यावर एक सेकंद पण नाही. एकाच सेटिंगवर. तो कागद बघून जोडीदार इतकंच म्हणाला, "कार्ब काढू नकोस, आहे तसं सगळं इंजिन बाहेर काढ." ते एक वाक्य या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचं ठरलं, कारण मी सवयीने कार्ब काढणारच होतो आणि काढला असता तर पुरावाच गेला असता.

लीक टेस्ट कशी केली ते नीट सांगतो. इंजिन गाडीतून काढलं, प्लग आणि कार्ब जागेवर. बाहेरून सगळं डिनेचर्ड अल्कोहोलने धुतलं. कार्बचं तोंड रबरी बुचाने बंद, एक्झॉस्टवर रबराचा तुकडा लावून छोट्या क्लॅम्पने दाबला. फ्लायव्हील फिरवून पिस्टन वर आणला, म्हणजे क्रँकचं इनटेकचं भोक कार्बला उघडं राहतं आणि हवा थेट क्रँककेसमध्ये जाते. थ्रॉटल पूर्ण उघडा, हाय स्पीडचे फेरे मोजून ठेवले आणि मग ती बरीच उघडली. फ्युएलच्या निपलला नळी लावून मोठ्या सिरिंजने हलकी हवा दिली. तोंडाने फुंकू नका, मेथेनॉल विषारी आहे आणि नळीत थेंब राहतातच.

पहिल्यांदा साध्या गार पाण्यात बुडवलं. बॅकप्लेट (क्रँककेसचं मागचं झाकण) कोरडी ठाक. हेड कोरडं. फ्रंट बेअरिंगच्या तिथे अधूनमधून एखादा बुडबुडा, पण बऱ्याच इंजिनांत पुढे खरं सील नसतंच, क्रँक आणि केसमधलं अगदी बारीक अंतर आणि तेलाचा थर हेच सील, त्यामुळे थोडं झिरपणं चालतं. कार्बच्या मानेपाशी एक बुडबुडा आला, तिथेच चिकटून बसला, आणि बराच वेळ सुटलाच नाही. मी म्हणलं, एवढ्याने काय होतंय.

मग जोडीदाराने पाणी गरम केलं. हात घालवणार नाही इतकं. इंजिन पाच मिनिटं त्यात तसंच ठेवलं, म्हणजे केस आतपर्यंत तापेल, आणि मग सिरिंज दाबली. कार्बच्या मानेच्या मागच्या बाजूने, पिंच बोल्टच्या (कार्ब जागेवर आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) बरोबर उलट्या अंगाला, बारीक बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. एकामागे एक, सलग, मोत्यांची सर ओढल्यासारखी, सिरिंज संपेपर्यंत. सोडली की थांबली, दाबली की परत सुरू. आम्ही दोघं काही न बोलता तीन-चार वेळा नुसतं तेच बघत बसलो. तीन आठवडे जे आवाजात शोधत होतो ते डोळ्यासमोर पाण्यात वर येत होतं.

कार्ब काढल्यावर मानेची ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी कडी) हातात आली. नवीन ओ-रिंग गोल असते, हिचं आतलं अंग एका बाजूने चपटं आणि चकचकीत झालेलं, कडक, नखाने दाबली तर खळगा पडत नव्हता. आणि चपट्या भागापासून जरा बाजूला एक बारीक चीर. माझ्या हातून झालं ते असं: धुवून परत बसवताना कार्ब कोरड्या ओ-रिंगवर तिरका दाबला आणि पूर्ण खाली बसायच्या आधीच पिंच बोल्ट आवळला. जुनी कडक रिंग एका बाजूने चिमटली गेली. गार असताना कशीबशी बसायची, अ‍ॅल्युमिनियमची केस तापून फुगली की दोन्हींमधली फट उघडायची, आणि त्या रबरात ती फट भरून काढण्याइतकं लवचीकपण उरलेलं नव्हतं.

आता सगळी लक्षणं एका दोरीत ओवली गेली. फुल थ्रॉटलला इंजिन इतकी हवा ओढतं की त्या फटीतून येणारी हवा नगण्य, म्हणून स्ट्रेटवर मी नीडल उघडत गेलो तसं ते सरळ रिच होत गेलं. आयडलला कार्बचं तोंड मिलिमीटरभर पण उघडं नसतं, तिथे तीच फट फार मोठी ठरते, म्हणून खाली लीन. फ्युएल आधी हाय स्पीडमधून आणि मग लो स्पीडमधून जातं त्यामुळे हाय स्पीड उघडून मला खाली थोडा फरक वाटायचा आणि मी बरोबर दिशेने चाललोय असं वाटत राहायचं. फ्युएल, पाइप, शिम, कोणाचाच दोष नव्हता.

दुरुस्ती अगदी साधी. नवीन ओ-रिंग, तिला आफ्टर रन ऑइलचा (पळवून झाल्यावर इंजिनात सोडायच्या तेलाचा) थेंब लावून, कार्ब सरळ खाली दाबून, बोटाने दाबून धरलेला असतानाच बोल्ट आवळायचा. मानेच्या बाहेरून हाय टेम्परेचर सिलिकॉनचा पातळ थर पण दिला, जपून, कारण तो आत गेला तर इनटेकमधून थेट क्रँकवर. बॅकप्लेटची रिंग चांगली होती तरी उघडलंच आहे म्हणून बदलली. पाण्यात बुडवलेलं इंजिन तसंच ठेवायचं नाही, लगेच सुकवून, आफ्टर रन ऑइल सोडून हाताने फिरवून घेतलं, बेअरिंगला गंज धरायला एक रात्र पुरते. दुसऱ्या दिवशी परत गरम पाण्यात टेस्ट केली, मान कोरडी.

नीडल फॅक्टरीला ठेवूनच इंजिन चालू केलं. तापवलं. थ्रॉटल दिला, सोडला. भुर्रर्र करून सरळ खाली आलं आणि तिथेच ठाम बसलं. पिंच टेस्ट गार असताना चार सेकंद, पूर्ण तापल्यावर तीन.

पण प्रकरण इथे संपलं नाही. पहिल्या पूर्ण रनमध्ये पाच-साडेपाच मिनिटं गाडी सुरेख पळाली आणि टाकी एक तृतीयांश उरली की स्ट्रेटवर आवाज जरा वरचा, पातळ व्हायला लागला. अडकणं नाही, बंद पडणं नाही, फक्त हाय स्पीडला लीन. जुना मी असतो तर नीडल एक तास उघडून मोकळा झालो असतो. या वेळी टाकी काढली, फ्युएल लाइनला चिमटा, आणि पाइपकडून येणाऱ्या प्रेशर लाइनमधून सिरिंजने हवा देऊन पाण्यात धरली. झाकणाच्या कडेने बुडबुडे. टाकीतलं फ्युएल कार्बपर्यंत ढकलतं ते पाइपचं प्रेशर. टाकी भरलेली असताना पातळी वर असते म्हणून गळकं झाकण चालून जातं, पातळी उतरली की ते प्रेशर जास्त लागतं आणि नेमकं तेच निसटत असतं. झाकणाची रिंग फुगून वेडीवाकडी झाली होती, स्प्रिंग पण सैल. दोन्ही बदलले. त्यानंतर टाकीच्या शेवटच्या थेंबापर्यंत आवाज एकसारखा.

आता एक आडवाटेचा पण मला फार महत्त्वाचा वाटणारा भाग. इंजिन बिघडलेलं असताना कॉर्नरमधून निघताना गाडी बुडायची, म्हणून मी मधल्या आठवड्यात सेंटर डिफमध्ये ५००० चं काढून ७००० चं सिलिकॉन ऑइल (आकडा मोठा तेवढं ऑइल घट्ट) भरलं होतं, म्हणजे पुढची चाकं हलकी झाली तरी पॉवर तिकडे पळून जाणार नाही आणि धक्का जोरात मिळेल. त्या वेळी बरं पण वाटलं. इंजिन दुरुस्त झालं आणि तीच गाडी प्रत्येक कॉर्नरला मागून फिरायला लागली, खडबडीत जागी तर सांभाळता येईना. म्हणजे इंजिनाचा दोष मी सस्पेन्शन आणि डिफने झाकत होतो. परत ५००० भरलं, पुढे ५०००, मागे ३०००, मागच्या टोला (चाकांच्या आत वळलेल्या कोनाला) हात लावला नाही, आणि गाडी पूर्वीसारखी शहाणी झाली. चार बदल एका दिवशी केले होते ते एकेक करून परत लावले, प्रत्येकाला एक पूर्ण टाकी. नवीन पाइपने मधल्या रेंजला खरंच फरक पडतो, २५ टक्के फ्युएलवर आयडल जास्त स्थिर आहे. १.१ च्या स्प्रिंगा काढून टाकल्या, माझ्या हाताला १.० च बऱ्या.

आत्ताची सेटिंग: हाय स्पीड फॅक्टरीपेक्षा दोन तास उघडी, लो स्पीड फॅक्टरीलाच, हेड १०५ ते ११२, स्ट्रेटवर धुराची बारीक रेघ सतत दिसते. रन संपला की टाकी रिकामी करून उरलेलं जाळतो, आफ्टर रन ऑइल, आणि फ्लायव्हीलवर रंगाचा ठिपका दिलाय तो खाली आणून ठेवतो, म्हणजे पिस्टन खाली राहतो. या इंजिनांची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात फिरतो ती नळी) वर निमुळती असते, गरम पिस्टन वर सोडला तर गार होताना स्लीव्ह त्याला आवळते आणि दोघांची ती बारीक पकड लवकर झिजते.

फ्रंट बेअरिंगचं अजून बाकी आहे. गरम पाण्यात तिथे पहिल्यापेक्षा जरा जास्त बुडबुडे आले होते आणि प्रत्येक रननंतर क्लच बेलच्या मागे चॅसीवर नखाएवढा तेलाचा डाग पडतोय. डाग तेवढाच राहतोय तोवर पळवतोय, नवीन बेअरिंग आणून ठेवलंय. बदलायच्या दिवशी दुसरं काहीही उघडणार नाही.